एलडीपीसी डिकोडर: अचूकता किती, हार्डवेअर किती (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं आहे: वाय-फायच्या ८०२.११एन स्टँडर्डमधल्या सर्वांत लहान एलडीपीसी कोडचा (वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करता यावेत म्हणून जादा तपासणीचे, म्हणजे पॅरिटीचे, बिट जोडणारा कोड) डिकोडर एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपवर) बसवायचा. कोडवर्ड ६४८ बिटांचा, दर १/२. म्हणजे ३२४ बिट माहितीचे, ३२४ पॅरिटीचे. बोर्डावर आर्टिक्स-७ घराण्यातली ३५टी चिप आहे: २०,८०० एलयूटी (सर्किट ज्यांतून जुळवतात ते छोटे तक्ते), ५० ब्लॉक रॅम (तयार मेमरी), ९० डीएसपी (तयार गुणक). याच चिपवर बाकीचा रिसीव्हरही राहणार आहे, म्हणून सरांनी पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंनी कुंपण घालून दिलं. डिकोडरने एलयूटीच्या एक तृतीयांशावर जायचं नाही. आणि फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे बिटांची काटकसर न करता, चालणाऱ्या सम-प्रॉडक्ट डिकोडरच्या (अचूक पण महाग रीत) तुलनेत, हजारात एक फ्रेम (एक कोडवर्ड) चुकते त्या जागी, तोटा ०.२ डेसिबलच्या आत हवा.

०.२ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढा तोटा भरून काढायला पाठवणाऱ्याला सुमारे ४.७ टक्के जास्त शक्ती लावावी लागते, आणि अर्धा डेसिबल गमावला तर १२ टक्के. डिकोडर एकदाच बनतो, ती शक्ती मात्र प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक दिवशी जाते. म्हणून हा आकडा मला मनापासून पटला.

९ जानेवारी

आज फक्त कोडचा पॅरिटी मॅट्रिक्स वाचला (ओळी म्हणजे तपासण्या, अर्थात चेक; रकाने म्हणजे बिट). हाताने, कागदावर. सहकारी म्हणाली, "अरे, फाइल आहे की, प्रोग्रामला दे." दिली असती, पण या कोडचा स्वभाव डोळ्यांनी बघायचा होता.

मॅट्रिक्स १२ ओळींचा आणि २४ रकान्यांचा. प्रत्येक घर एकतर रिकामं, नाहीतर २७×२७ चा एकक मॅट्रिक्स, काही घरं फिरवलेला. भरलेली घरं ८८. म्हणजे बिट आणि चेक जोडणाऱ्या आलेखात ८८×२७ = २,३७६ कडा, आणि एका फेरीत तेवढ्या कडांवरून निरोप जायचे आणि यायचे. ओळींचं वजन, म्हणजे ओळीतली भरलेली घरं, ७ किंवा ८.

खरी गंमत रकान्यांत आहे. ०, ४ आणि ८ या तीन रकान्यांचं वजन १२, म्हणजे ते प्रत्येक ओळीत हजर. दहा रकाने वजन ३ चे, आणि पॅरिटीच्या जिन्यातले (पायऱ्यांसारख्या तिरप्या मांडणीतले) अकरा रकाने वजन २ चे. ३६ + ३० + २२ = ८८, हिशेब जुळला. जड रकान्यांतले बिट फार लवकर खात्रीशीर होतात आणि इतरांना ओढून नेतात. वजन २ चे बिट मात्र दोनच चेकच्या आधाराने उभे असतात. जिन्यामुळे एन्कोडर अगदी सोपा होतो, आणि त्याची किंमत डिकोडर चुकवतो.

या तीन जड रकान्यांवर पुढे बरंच काही अवलंबून राहील असं वाटतंय.

१४ जानेवारी

संदर्भासाठी सम-प्रॉडक्ट डिकोडर सी मध्ये लिहून झाला. पुढची प्रत्येक रेघ (शक्ती वाढवत नेली की चुकणाऱ्या फ्रेम कशा घटतात ते दाखवणारी) याच्याशी ताडायची.

रॉबर्ट गॅलगर यांनी एमआयटीत १९६० साली पीएचडीच्या प्रबंधात हे कोड मांडले. तेव्हाच्या हार्डवेअरला ते पेलणारे नव्हते. १९८१ मध्ये टॅनर यांनी आलेखाची मांडणी दिली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात मॅके आणि नील यांनी हे कोड पुन्हा उजेडात आणले. तीस-पस्तीस वर्षं ही कल्पना हार्डवेअर स्वस्त होण्याची वाट बघत राहिली. अचूकता आणि खर्च यांची ओढाताण या विषयाच्या जन्मापासूनच आहे.

चेक नोडला येणाऱ्या प्रत्येक निरोपात दोन गोष्टी असतात: चिन्ह म्हणजे बिट ० की १, आणि मान म्हणजे त्याबद्दलची खात्री. सम-प्रॉडक्टमध्ये मानांवर फाय नावाचं फंक्शन लावायचं (अर्ध्या मानाचा टॅन-एच, त्याचा लॉग, उलट चिन्हाने), बेरीज करायची आणि पुन्हा तेच फंक्शन लावायचं, कारण ते स्वतःचंच व्यस्त आहे. कागदावर सुंदर. हार्डवेअरमध्ये मात्र शून्याजवळ हे फंक्शन अनंताकडे जातं आणि पुढे झपाट्याने सपाट होतं. एक पायरी ०.२५ ची धरली तर मान सुमारे २.८ च्या वर गेला की फायचं उत्तर गोलाई करून थेट शून्य. म्हणजे ३ ची खात्री आणि ३० ची खात्री यात तक्त्याला फरकच दिसत नाही. मग असमान पायऱ्या, मोठा तक्ता, जास्त बिट. आणि असे तक्ते सत्तावीसच्या सत्तावीस लेनला (एकाच वेळी चालणाऱ्या समांतर शाखांना), जाताना एक आणि येताना एक.

शिवाय सम-प्रॉडक्टला चॅनेलमधल्या गोंगाटाचं प्रमाण माहीत असावं लागतं. ते मोजणारा वेगळा ब्लॉक लागतो, आणि त्याचा खर्च डिकोडरच्या खात्यात कोणी लिहीत नाही.

२२ जानेवारी

मिन-सम, म्हणजे सम-प्रॉडक्टची स्वस्त आवृत्ती. फाय नाही, टॅन-एच नाही: चेक नोडने फक्त सर्वांत लहान मान आणि त्याच्या पाठोपाठचा मान शोधायचा. प्रत्येक शेजाऱ्याला सर्वांत लहान मान पाठवायचा, आणि ज्याचा स्वतःचाच तो आहे त्याला दुसरा. तर्क सरळ आहे, चेकची खात्री त्याच्या सर्वांत डळमळीत सभासदापेक्षा जास्त असू शकत नाही.

अडचण अशी की ती खरं तर त्याहूनही कमी असते. दोन उदाहरणं हाताने करून पाहिली.

येणारे मान १.०, १.५ आणि २.० असतील तर खरं उत्तर ०.४५, मिन-सम सांगतो १.०. दुपटीहून जास्त.

येणारे मान ४, ६ आणि ७ असतील तर खरं उत्तर ३.८३; मिन-सम सांगतो ४. जवळपास बरोबर.

म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांत, सगळे बिट साशंक असताना, मिन-सम सर्वांत जास्त फुगवून बोलतो, आणि नेमका तेव्हाच चुकीचा आत्मविश्वास महाग पडतो. यावरचे दोन साधे उपाय चेन आणि फोसोरिये यांच्या २००२ च्या कामापासून सगळे वापरतात: उत्तर एका स्थिरांकाने गुणायचं, किंवा त्यातून एक स्थिरांक वजा करायचा. पाऊणपट केलं तर वरची उत्तरं ०.७५ आणि ३.० येतात. अर्धा वजा केला तर ०.५ आणि ३.५. या दोन उदाहरणांत वजाबाकी दोन्हीकडे खऱ्याच्या जवळ आहे. दोन उदाहरणांवरून निकाल लावणार नाही, पण दिशा कळते.

सिम्युलेशनमध्ये नेहमीचाच क्रम दिसला. साधा मिन-सम सम-प्रॉडक्टच्या उजवीकडे (म्हणजे जास्त शक्ती मागणारा), डोळ्यांत भरेल इतक्या अंतरावर; पाऊणपट केल्यावर बरंचसं अंतर मिटतं.

एक फायदा ठळकपणे लिहून ठेवतो. साध्या मिन-समला आणि पाऊणपटीच्या मिन-समला गोंगाटाचं प्रमाण लागत नाही: सगळी आवक दुप्पट केली तर सगळी जावकही दुप्पट, निर्णय तेच. वजाबाकीच्या रीतीत हे खरं नाही, तिथे स्थिरांक आणि आवकेचं माप यांची सांगड घालावी लागते. गोंगाट मोजणारा ब्लॉक वाचला, हे पाऊणपटीच्या बाजूचं वजन.

३ फेब्रुवारी

थराथराने चालणारी रीत निश्चित केली. सगळे चेक एकदम चालवण्याऐवजी एक ओळ, म्हणजे २७ चेक, चालवायची आणि तिचा निकाल लगेच पुढच्या ओळीला द्यायचा. ताजी माहिती लगेच कामाला येत असल्याने फेऱ्या ढोबळमानाने निम्म्या लागतात. मेमरीत दोनच गोष्टी उरतात: प्रत्येक बिटाची एकूण बेरीज, आणि प्रत्येक चेकने मागच्या फेरीत काय सांगितलं ते.

ही दुसरी गोष्ट मिन-सममध्ये किती आटते ते बघण्यासारखं आहे. निरोप ६ बिटांचा आणि ओळीचं वजन ८ असेल, तर सगळे निरोप साठवायला ४८ बिट लागतात. पण त्या आठांमध्ये मान दोनच असतात! पहिला लहान ५ बिट, दुसरा लहान ५ बिट, पहिला कोणाचा होता ते ३ बिट, आणि आठ चिन्हं: २१ बिट. ३२४ चेकना ६,८०४ बिट, एरवी सगळ्या कडांना १४,२५६ लागले असते. निम्म्याहून कमी, तेही कणभर अचूकता न गमावता. सम-प्रॉडक्टला ही सोय नाही, तिथे प्रत्येक शेजाऱ्याला वेगळं उत्तर जातं. मिन-समची स्वस्ताई म्हणजे गणित सोपं होणं, असं सगळीकडे वाचलं होतं. माझ्या मते मोठी बचत ही इथली आहे.

मग हे साठवायचं कुठे? २७ लेन × २१ = ५६७ बिट रुंद, आणि खोली फक्त १२. ब्लॉक रॅम जास्तीत जास्त ७२ बिट रुंद आणि ५१२ खोल. म्हणजे आठ ब्लॉक रॅम गुंतवायच्या आणि प्रत्येकीच्या ५१२ ओळींपैकी १२ वापरायच्या. त्याऐवजी एलयूटीचीच रॅम केली तर चार एलयूटींत ३२ खोल आणि ६ बिट रुंद तुकडा मिळतो. असे ९५ तुकडे, ३८० एलयूटी. बिटांच्या बेरजांची मेमरी २७ × ८ = २१६ रुंद, २४ खोल: ३६ तुकडे, १४४ एलयूटी. सगळं मिळून ५२४.

एकूण किती बिट साठवायचे यापेक्षा एका क्लॉकला (चिपच्या एका ठोक्याला) किती बिट बाहेर काढायचे, यावर खर्च ठरतो. सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "आता हीच नजर शिफ्टरकडे वळवा."

७ फेब्रुवारी

वळवली. प्रत्येक घराला २७ बेरजा गोलाकार फिरवून लेनपर्यंत पोचवाव्या लागतात, कुठल्याही अंतराने. २७ साठी दोनपैकी एक निवडणाऱ्या मक्सच्या पाच पायऱ्या. सहा इनपुटच्या एलयूटीत चारपैकी एक निवडणारा मक्स बसतो, म्हणून चौकडीच्या दोन पायऱ्या आणि जोडीची एक. ८ बिट रुंदीला अंदाजे ५४० एलयूटी, म्हणजे मेमरीपेक्षाही जास्त. आणि यात गणित शून्य, नुसती वाहतूक. फिरवलेलं परत सरळ करणारा दुसरा शिफ्टर टाळला: बेरजा फिरवलेल्याच अवस्थेत ठेवायच्या आणि पुढच्या वेळी फक्त फरकाइतकं फिरवायचं.

रुंदीतला एक बिट कमी केला तर शिफ्टरचा आठवा भाग वाचतो. मेमरीत मात्र २१ चे १९ होतात, कारण ११ बिट चिन्हांचे आणि पत्त्याचे आहेत, ते हलत नाहीत. तर बिट कापायचे ते शिफ्टरसाठी आणि तुलना करणाऱ्या भागासाठी. मेमरी त्यातून फारशी सुटणार नाही.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस कामाचा. एका क्लॉकला एक घर, म्हणजे फेरीला ८८ क्लॉक. पण एका ओळीचं शेवटचं घर वाचल्यापासून पहिला निकाल मेमरीत उतरेपर्यंत आमच्या पाइपलाइनला ६ क्लॉक लागतात. पुढच्या ओळीने तेवढं थांबायचं ठरवलं तर ८८ + ७२ = १६० क्लॉक.

थांबायलाच हवं का? पुढच्या ओळीतले जे रकाने मागच्या ओळीत नव्हते, ते लगेच वाचता येतात. जड तीन रकाने प्रत्येक ओळीत आहेत, त्यामुळे ओळी कशाही लावल्या तरी त्यांची वाट बघावीच लागणार. ९ जानेवारीची शंका ती हीच. पण ओळीच्या आत क्रम आपल्या हातात आहे: सामाईक रकाने शेवटी वाचायचे आणि सर्वांत आधी परत लिहायचे. प्रत्येक ओळीला मोकळे रकाने किती मिळतात ते मोजलं. बहुतेकींना ३, काहींना ४, शेवटच्या ओळीला फक्त २. एकूण ३८. थांबण्याचे क्लॉक ७२ वरून ३४, फेरी १२२ ची.

मग सहकारीने मुद्दा काढला. "पॅरिटीचा जिना लागोपाठच्या दोन ओळींना जोडतो ना? मग लागोपाठच्या ओळी लागोपाठ चालवायच्याच कशाला?" आधी सम ओळी ०, २, ४, ६, ८, १०, मग विषम १, ३, ५, ७, ९, ११. पुन्हा मोजलं: मोकळे रकाने ४६, थांबणं २६, फेरी ११४ क्लॉकची.

१०० मेगाहर्ट्झवर दहा फेऱ्यांचा हिशेब: १६० च्या फेरीने १६ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ४०.५ मेगाबिट (कोड केलेले). १२२ ने ५३.१. ११४ ने ५६.८. खर्च काय? ओळींचा आणि घरांचा क्रम ठेवणाऱ्या छोट्या रॉममधले आकडे बदलले. एलयूटी तेवढेच.

आणि हे फक्त वेगापुरतं नाही. वेग ४०.५ वरच पुरेसा असेल तर त्याच १६ मायक्रोसेकंदांत आता दहाऐवजी चौदा फेऱ्या होतात (१४ × ११४ = १,५९६ क्लॉक). वाचलेले क्लॉक अचूकतेच्या खात्यात वळवता येतात. बिट कापून गेलेली अचूकता फेऱ्या वाढवून काही प्रमाणात परत घेता येईल का, हा आता खरा प्रश्न.

१९ फेब्रुवारी

निरोपाची रुंदी: ६, ५ की ४ बिट?

६ आणि ५ च्या रेघा फ्लोटिंगच्या मिन-समला जवळजवळ चिकटून आहेत. ४ ला मात्र पाऊणपटीची रेघ अपेक्षेपेक्षा फारच उजवीकडे गेली. ४ बिटांत मानाला ३ बिट, म्हणजे ० ते ७. पाऊणपट करायची प्रचलित युक्ती अशी: संख्या दोन घरं उजवीकडे सरकवून चतुर्थांश काढायचा आणि वजा करायचा. १ ते ७ ला ती लावून पाहिली:

१, २, ३, ३, ४, ५, ६.

१, २ आणि ३ ला काहीच झालं नाही! दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज लहान मानांना, हे २२ जानेवारीच्या उदाहरणात दिसलं होतं, आणि ही युक्ती नेमकी त्यांनाच हात लावत नाही. दुसरी युक्ती, अर्धा अधिक चतुर्थांश:

०, १, १, ३, ३, ४, ४.

इथे १ चा शून्य होतो आणि ३ पासून ४ वर जाताना उत्तर एकदम १ वरून ३ वर उडी मारतं. दोन्ही युक्त्या पाऊणपटच म्हणवतात, आणि दोन्ही दोन वेगळे डिकोडर बनवतात. प्रबंधांत नुसतं ०.७५ लिहिलेलं असतं. कोणत्या रीतीने, हे लिहिलेलं नसलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मग ही कसरत हवीच कशाला? मान ३ बिटांचा, उत्तर ३ बिटांचं. एफपीजीएत तीन इनपुटचं कुठलंही फंक्शन एका एलयूटीत बसतं, म्हणून मनाला येईल तो तक्ता थेट लिहिता येतो:

१, १, २, ३, ४, ४, ५.

५ बिटांच्या निरोपालाही मान ४ बिटांचा, चार एलयूटी पुरतात. हे फक्त दोन लहान मानांवर लावायचं, २७ लेनमध्ये: २७ × २ × ४ = २१६ एलयूटी, चिपच्या एक टक्क्याच्या आसपास. इथे गुणक वापरले असते तर ९० पैकी ५४ डीएसपी गेले असते. शिफ्ट करून गुणाकार वाचवण्याची सवय रुंद आकड्यांच्या काळातली आहे. तीन-चार बिटांना तिचा उपयोग नाही. या तक्त्यानंतर ४ बिटांची रेघ बरीच डावीकडे सरकली.

२४ फेब्रुवारी

चाचणी कशी घ्यायची याचे नियम आज पक्के केले.

पहिला: सगळ्या शून्यांचा कोडवर्ड वापरायचा नाही. डिकोडर सममित असेल तर तो पुरतो, एन्कोडर लिहावा लागत नाही, म्हणून बहुतेक जण तोच घेतात. पण हार्डवेअर सममित असेलच याची खात्री काय? टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण संख्या लिहिण्याची नेहमीची रीत) ४ बिटांत −८ ते ७ बसतात, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. उजवीकडे सरकवताना ५ चा चतुर्थांश १ येतो आणि −५ चा −२. आणि सर्वांत कळीचं म्हणजे शून्य: त्याचं चिन्ह सर्किट अधिक मानतं, म्हणजे बिट ०. कोडवर्डच सगळ्या शून्यांचा असेल तर प्रत्येक अनिर्णित निरोप आपोआप बरोबर उत्तराच्या पारड्यात पडतो. ४ बिटांत शून्यं भरपूर येतात, त्यामुळे रेघ खोटी सुंदर दिसते. आम्ही यादृच्छिक कोडवर्डच वापरणार, एन्कोडर बोर्डावरच बसवला आहे. मान आणि चिन्ह वेगळे ठेवून −८ ला जागाच दिली नाही.

५जी च्या एलडीपीसी कोडमध्ये हे आणखी बोचेल, कारण तिथे पहिल्या दोन रकान्यांचे बिट पाठवलेच जात नाहीत आणि त्यांची सुरुवातच शून्याने होते.

दुसरा नियम: प्रत्येक बिंदूला किमान १०० चुकलेल्या फ्रेम. तेव्हा अंदाजातली अनिश्चितता सुमारे १० टक्के राहते. हजारात एकला एक लाख फ्रेम, दहा लाखांत एकला दहा कोटी. संगणकावर हे रेंगाळतं, चिपवर ११.४ मायक्रोसेकंदाला एक फ्रेम या वेगाने दहा कोटी फ्रेम १९ मिनिटांत होतात. म्हणून गोंगाटही चिपवरच तयार करायचा.

त्यात दोन काळज्या. बारा सम-वितरित संख्यांची बेरीज करून गॉसियन बनवण्याची सोपी रीत प्रमाण विचलनाच्या सहापटीवर संपते. आम्हाला लागणारे नमुने सुमारे साडेसहा हजार कोटी, आणि खऱ्या गॉसियनमध्ये त्यातले शंभराच्या वर सहापटीच्या पलीकडे पडायला हवेत. बहुतेक फ्रेम अशा एकट्या टोकाच्या नमुन्यामुळे पडत नाहीत, मधल्या आकाराच्या पुष्कळ नमुन्यांनी मिळून पडतात; तरी शंका ठेवायची नाही म्हणून बॉक्स-म्युलर ही दुसरी रीत घेतली. दुसरी काळजी: ३२ बिटांचा एलएफएसआर (यादृच्छिक बिट बनवणारं सर्किट) सुमारे ४२९ कोटी पावलांनंतर स्वतःला पुन्हा गिरवू लागतो. साडेसहा हजार कोटींना तो अपुरा. ६४ बिटांच्या वरचाच हवा.

४ मार्च

बिटांच्या बेरजेला किती रुंदी द्यायची, यावर आज बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

५ बिटांच्या निरोपाचा मान जास्तीत जास्त १५. जड रकान्यात चॅनेलचा एक आणि चेकचे बारा निरोप: १३ × १५ = १९५, म्हणजे चिन्हासकट ९ बिट. तेवढे दिले तर शिफ्टर फुगतो. कापायचं ठरलं, पण कुठवर?

तळ सापडला तो असा. थर चालवताना बेरजेतून त्या चेकचा जुना निरोप वजा करावा लागतो. बेरीजही ५ बिटांतच कोंबली, म्हणजे १५ वर अडवली, आणि जुना निरोप १५ असला, तर वजाबाकी शून्य. सर्वांत खात्रीचा बिट एका क्षणात काहीच माहीत नसलेला होतो. ६ बिट दिले तर ३१ − १५ = १६, पुन्हा १५ वर अडवलं की खात्री शाबूत. म्हणून बेरीज निरोपापेक्षा किमान एक बिट रुंद हवी. त्याखाली जायचंच नाही.

मी ६ वर थांबायला तयार होतो. सहकारीचं म्हणणं वेगळं: "एकदा कापलेली बेरीज परत कशी मिळवणार? चॅनेलचा मूळ आकडा आपण कुठे वेगळा ठेवलाय?" बरोबर आहे. थरांच्या रीतीत बेरीज हीच चॅनेलच्या आकड्याची एकमेव स्मृती. ती अडवली की चॅनेल आणि चेक यांचा जमाखर्च कायमचा तुटतो, आणि नंतर आलेले दोन-तीन चुकीचे निरोप त्या बिटाला सहज उलटवू शकतात. याचा परिणाम हजारात एकला दिसत नाही. तो खाली, दुर्मीळ चुकांच्या प्रदेशात दिसतो, जिथे रेघ उतरायची थांबून आडवी होऊ लागते. १० गिगाबिट इथरनेटच्या (२०४८, १७२३) कोडवर काम करणाऱ्यांनी याच प्रदेशाचा कसून अभ्यास केला, कारण तिथे लाख कोटी बिटांत एक चूक एवढीच मुभा आहे, आणि तिथे निरोपांची रुंदी आणि त्यांची कापणी निर्णायक ठरते.

चिपवर रात्रभर ६ आणि ७ दोन्ही चालवले. वरच्या भागात फरक नाही. खाली ६ ची रेघ आधी वाकते. ७ बिट घेतले. शिफ्टरमध्ये त्याचे सुमारे ६८ एलयूटी जास्त. दुर्मीळ चुका कमी होत असतील तर ते मी आनंदाने देईन.

१० मार्च

लवकर थांबणं जोडलं. सगळे चेक जुळले की फेऱ्या बंद. कामाच्या बिंदूवर बहुतेक फ्रेम दहाच्या बऱ्याच आधी सुटतात, त्यामुळे वीज वाचते. वेगाचं आश्वासन मात्र सर्वांत वाईट फ्रेमवरच द्यावं लागतं, मध्ये मोठा बफर ठेवला तरच सरासरीचा फायदा वेगात उतरतो. बफर सध्या नको.

१७ मार्च

सरांपुढे दोन आराखडे ठेवले. एक: निरोप ५ बिट, बेरीज ७, दहा फेऱ्या. दुसरा: निरोप ४ बिट तक्त्यासह, बेरीज ६, चौदा फेऱ्या. दोन्ही ०.२ च्या कुंपणात बसतात. दुसरा अगदी कडेला. दुसऱ्यात शिफ्टर सातव्या भागाने लहान, निरोपांचा शब्द १९ ऐवजी १७. पण चार फेऱ्या जास्त म्हणजे प्रत्येक फ्रेमला पुष्कळ मक्स आणि मेमरी पुन्हा पुन्हा हलणार, आणि अवघड फ्रेमला वेळ ११.४ ऐवजी १६ मायक्रोसेकंद.

"तुमचं मत काय?" सरांनी विचारलं.

मी पहिला निवडला. दोन्ही आराखडे एलयूटीच्या मर्यादेच्या खूप आत आहेत, म्हणून वाचलेल्या एलयूटीचा इथे कोणालाच उपयोग नाही, आणि गेलेला दशांश डेसिबल मात्र ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी लागेल. चिप भरत आली असती तर उलट बोललो असतो. सरांनी पहिल्या आराखड्याला होकार दिला आणि पुढचा प्रश्न टाकला: हीच रचना ५जी च्या पहिल्या बेस ग्राफला (तिथल्या एलडीपीसी कोडच्या मूळ मॅट्रिक्सला) चालेल का?

२१ मार्च

५जी चा कागदी हिशेब. पहिला बेस ग्राफ ४६ × ६८, भरलेली घरं ३१६, फिरवणीचं माप ३८४ पर्यंत. पहिल्या चार ओळींचं वजन १९, पाचवीचं थेट ३. त्या पाचव्या ओळीला पाइपलाइन झाकायला मोकळे रकाने पुरणार नाहीत, तेव्हा ओळींचा क्रम नव्याने शोधावा लागेल. वजन १९ च्या ओळीत पत्त्याला ५ बिट आणि चिन्हांना १९. निरोप ५ बिटांचा धरला तर शब्द ३२ बिटांचा, त्यातले मानाचे फक्त ८. तिथे रुंदी कापून मेमरी जवळजवळ काहीच वाचत नाही.

शिफ्टर: ३८४ लेन × ७ बिट, चौकडीच्या चार पायऱ्या आणि जोडीची एक, सुमारे १२,१०० एलयूटी. या चिपच्या निम्म्याहून जास्त, नुसत्या वाहतुकीला. ३८४ लेन एकदम चालवणं इथे शक्य नाही. लेन घडी घालून ९६ करायच्या आणि प्रत्येक घराला चार क्लॉक द्यायचे, किंवा मोठी चिप मागायची. घडी घातल्यावर पाइपलाइनचे ६ क्लॉक चौपट लांब ओळीखाली बऱ्यापैकी झाकले जातील, हे जमेला. सोमवारी घडीच्या रचनेचं वेळापत्रक मांडायला घेतो, सुरुवात त्या वजन ३ च्या ओळीपासून.